हसविणाऱ्याचे हसे

(बी. ए. भाग २)

यंदाच्या स्नेहसंमेलनातील एकांकिकेत मला गड्याची भूमिका मिळाली. पात्रनिवडीच्या दिवशी मी खरे तर नायकाचा उतारा वाचला होता. तो उतारा आठ दिवस घोकला होता, बसस्टँडवर उभ्या उभ्या म्हटला होता. वाचन संपले आणि दिग्दर्शन करणारे मला म्हणाले, "आवाज चांगला आहे रे तुझा. पण तू तोंड उघडलेस की हसू येते. तू गडी कर. लोक डोक्यावर घेतील."

सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, आणि लोकांनी खरोखरच डोक्यावर घेतले. मी हातात तांब्या घेऊन प्रवेश केला, "पानी आनू का मालक?" असे विचारले आणि सभागृह खो खो हसले. आता या वाक्यात विनोद कोणता? लेखकाने तेथे एकही कोटी केलेली नाही. विनोद होता तो 'पानी'तल्या आणि 'आनू'तल्या 'न'मध्ये! त्या ठिकाणी मी शिकल्यासारखा 'ण' म्हटला असता तर एकही माणूस हसला नसता.

घरी गेलो तेव्हा बाबांनी विचारले, "कायचं काम होतं?" माझे वडील बारा वर्षे दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. मी सांगितले, "गड्याचं." बाबा थोडा वेळ चूप बसले. मग हसून म्हणाले, "मंग तं तुले शिकाचं कामच नोतं. घरच्या घरीच पाह्यलं असतं." त्यांच्याबरोबर मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य काही केल्या झोपू देईना.

हा लेख म्हणजे त्या भूमिकेची तक्रार नव्हे. मिळालेल्या टाळ्या मी नाकारीत नाही. त्यांचा आनंद मलाही झाला. मला विचारायचे आहे ते वेगळेच. हसविणारा माणूस आणि ज्याला हसले जाते तो माणूस, हे दोघे एकच आहेत काय? नसतील, तर त्यांच्यातील रेषा कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी एका नटापाशी येऊन पोहोचलो. तो नट आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जन्मला आणि मूकपटाच्या पडद्यावर पहिल्यांदा उभा राहिला. त्याच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात आणि त्यांच्या आधारे आपले एक मत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मूकपट म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना चार्ली चॅप्लिन आठवतो. आखूड कोट, ढगळ विजार, मोठाले बूट, हातात वेताची छडी आणि ओठांवर मिशीचा ठिपका! १९१४ साली हा वेष पडद्यावर आला आणि पाहता पाहता जगभर ओळखीचा झाला. त्याचे एक कारण असे, की हा भटक्या कोणतीच भाषा बोलत नव्हता. लंडनच्या गरीब वस्तीत वाढलेल्या चॅप्लिनचे इंग्रजी उच्चार कसे आहेत, हे विचारण्याची कोणाला गरजच पडली नाही. मूकपटाने नटाकडे अंग मागितले, डोळे मागितले, धावणे-पडणे-उठणे मागितले. जीभ मात्र मागितली नाही. म्हणूनच मूकपट ही मला गरिबांची शाळा वाटते. तेथे प्रवेश घेताना कोणी बोली तपासत नव्हते.

आपल्याकडे ही शाळा उघडली ती दादासाहेब फाळके यांनी. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. पुढे फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा एक छोटा विनोदी पटही काढला. म्हणजे पडद्यावर देव आले, त्यांच्या पाठोपाठ हसूही आले. आणि ज्या १९१३ साली हे घडले, त्याच साली १ ऑगस्टला अमरावतीत भगवान आभाजी पालव यांचा जन्म झाला. हेच पुढचे मास्टर भगवान, आणि अवघ्या चित्रपटसृष्टीचे भगवानदादा.

भगवानदादांचे वडील कापडगिरणीतले कामगार. यवतमाळच्या माणसाला यातला धागा समजावून सांगावा लागू नये. आपल्या काळ्या मातीत बोंडे फुटायची, जिनिंगमध्ये सरकी वेगळी व्हायची, गठाणी बांधल्या जायच्या आणि रेल्वेने मुंबईकडे जायच्या. गठाणींच्या पाठोपाठ माणसेही जायची. कापूस जेथे जाईल तेथे पोट भरेल, एवढाच हिशेब. पालवांचा मुलगाही मुंबईच्या कामगारवस्तीत वाढला. शिक्षण फारसे झाले नाही. मजुरी केली. पण डोक्यात सिनेमा शिरला होता, आणि अंगात व्यायामाने कमावलेली रग होती. 'बेवफा आशिक' या मूकपटात त्यांना एक विनोदी भूमिका मिळाली आणि पडद्याचे दार किलकिले झाले.

पण ते दार उघडते न उघडते तोच एक आक्रित घडले. पडदा बोलू लागला! १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला. लोकांनी गर्दी केली, तिकिटांचा काळाबाजार झाला. या साऱ्या गोष्टी आपण वाचतो. पण त्या दिवसापासून नटांना एक नवी परीक्षा द्यावी लागली, तिकडे आपले लक्ष जात नाही. त्या चित्रपटाचे नायक मास्टर विठ्ठल हे मराठी गृहस्थ मूकपटांच्या काळातील अतिशय लोकप्रिय नट होते. तलवारबाजी करावी, घोड्यावर मांड ठोकावी, उंचावरून उडी घ्यावी, तर मास्टर विठ्ठल यांनीच! जुना करार मोडला म्हणून शारदा कंपनीने त्यांच्यावर खटला भरला, तेव्हा त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले, एवढी त्यांची किंमत होती. आणि 'आलम आरा'त काय झाले? त्यांचे हिंदी-उर्दू उच्चार नीट नव्हते, म्हणून त्यांना चित्रपटाच्या बऱ्याच भागात गुंगीत, अर्धवट शुद्धीत दाखविले गेले! देशातील पहिल्या बोलपटाचा नायक, आणि त्याला बोलू द्यायचे नाही.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले आणि लगेच ते हसू घशात अडकले. कारण या माणसाला मी ओळखतो. तो आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो. त्याला उत्तर येत असते, पण "मले वाटते सर" असे तोंडातून निघेल आणि वर्ग हसेल या भीतीने तो उभाच राहत नाही. वर्षभर तो अर्धवट शुद्धीत असल्यासारखा बसून असतो. गेल्या वर्षी तो मी होतो.

पडदा बोलू लागल्यावर सगळेच गप्प झाले असे मात्र नाही. चॅप्लिनने हट्टच धरला. अमेरिकेत १९२७ सालीच बोलपट आला होता, तरी १९३१ साली त्याने 'सिटी लाइट्स' न बोलताच काढला. १९३६ सालच्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये त्या भटक्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो एका गाण्यात, आणि त्या गाण्याचे शब्द कोणत्याच भाषेतले नव्हते! निव्वळ अर्थहीन उच्चार, आणि तरीही हातवाऱ्यांवरून सगळी गोष्ट प्रेक्षकांना कळते. तुम्हाला माझी भाषा हवी ना, मग घ्या, असेच जणू त्याने सांगितले. भाषेने घेतलेल्या परीक्षेला इतके सुंदर उत्तर दुसऱ्या कोणी दिले असेल असे मला वाटत नाही.

भगवानदादांपाशी चॅप्लिनसारखा स्वतःचा स्टुडिओ नव्हता, की हट्ट धरण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी दुसरी वाट काढली. ते मारधाडीच्या चित्रपटांकडे वळले. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्यासोबत 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. १९४१ साली तमिळमध्ये 'वनमोहिनी' काढला. मराठी माणूस, तमिळ चित्रपट! आपल्या अंगावर विश्वास असलेल्या माणसाला भाषेची भीती उरत नाही, ती अशी. १९४२ साली ते निर्माते झाले आणि पुढे चेंबूरला त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला. मूकपटाच्या काळात शिकलेला माणूस म्हणजे हरहुन्नरी. गोष्ट रचण्यापासून कपड्यांपर्यंत आणि युनिटच्या जेवणापर्यंत सगळे स्वतः पाहायचा. त्यामुळे त्यांचे चित्रपट अगदी थोडक्या पैशांत तयार होत.

हे चित्रपट पाहणारे कोण होते? गिरणीतले कामगार, हमाल, टांगेवाले. दिवसभर राबून चार आण्यांत पिटात बसणारी माणसे. शहाण्या माणसांनी अशा चित्रपटांना दर्जा नसतो असे ठरवून टाकले होते. आजही ठरवतात. पण ज्याच्या अंगात दिवसभराच्या कामाचा शीण आहे, त्याला पडद्यावरच्या माणसाने खलनायकाला लोळविलेले पाहून बरे वाटले, तर त्यात कमीपणा कसला? दर्जा ठरविणारे आणि शीण अनुभवणारे हे नेहमी वेगळेच असतात.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे होणार नाही. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांना ललिता पवार यांना थप्पड मारायची होती. ती इतक्या जोराने बसली, की ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. दोन-तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. येवल्याची ही बाई मूकपटापासून पडद्यावर होती, नायिका होती. त्या एका थपडेने नायिकापद गेले. पुढे त्यांनी खाष्ट सासूच्या भूमिकांनी सगळा देश गाजविला, हे त्यांचे कर्तृत्व; थप्पड मारणाऱ्याचे नव्हे. तो अपघात होता असेच सगळे सांगतात. पण आपल्या आवडत्या माणसाच्या खात्यावर जमा लिहिताना नावेची बाजूही लिहिली पाहिजे. आणि त्या बारीक डोळ्याच्या नकला करून आपण वर्षानुवर्षे हसलो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्या हसण्याला मी विनोद म्हणणार नाही.

आता 'अलबेला'. राज कपूर यांनी भगवानदादांना मारधाड सोडून एखादा सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला आणि १९५१ साली 'अलबेला' आला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान, नायिका त्या काळातील आघाडीची गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे. हे सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, भगवानदादांचे जुने दोस्त. 'वनमोहिनी'ला आणि 'सुखी जीवन'ला त्यांचेच संगीत होते. 'अलबेला'त भगवानदादांसाठी ते 'चितळकर' या नावाने स्वतः गायलेही. म्हणजे नाच एका मराठी माणसाचा आणि गळा दुसऱ्या मराठी माणसाचा! त्याच वर्षी 'आवारा' लागलेला असतानाही 'अलबेला'ने अमाप गर्दी खेचली.

'अलबेला'ची गोष्ट साधी आहे. प्यारेलाल हा गरीब घरातील कारकून. त्याला नाटकाचा नाद. घरात बहिणीच्या लग्नाच्या हुंड्याची काळजी, आणि याची नोकरी जाते. बोलणी खाऊन तो घराबाहेर पडतो; मोठा झाल्याशिवाय परत यायचे नाही असे ठरवतो. रंगभूमीवर नाव मिळवतो, घरी पैसे पाठवतो. पण ते पैसे मधल्यामध्ये दुसराच लाटतो आणि घरच्यांना वाटते, पोरगा आपल्याला विसरला. ही गोष्ट मी मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर पाहिली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. "बीए करून काय करशील?" हा प्रश्न ज्याने घरी, गावात आणि पानटपरीवर ऐकला आहे, त्याला प्यारेलाल परका वाटत नाही.

आमच्या आबाजींनी 'अलबेला' यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला होता. तंबूत पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोक बसत. उलट्या बाजूचे तिकीट स्वस्त म्हणून आबाजी तिकडे बसले. "सगळे डावखुरे दिसत होते," असे ते सांगतात. गाणे सुरू झाले की लोक पडद्याकडे चिल्लर फेकायचे आणि उभे राहून नाचू लागायचे. मी विचारले, "आबाजी, तुम्ही नाचले?" ते म्हणाले, "नाचलो ना बाप्पा! तो नाच कोनालेबी येते."

'तो नाच कोनालेबी येते.' मला वाटते, भगवानदादांच्या कलेवर यापेक्षा चांगली टीका कोणी समीक्षकानेही लिहिली नसेल. तो माणूस दिसायला देखणा नव्हता. ठेंगणा, अंगाने भरलेला. उंच उडी नाही, गिरकी नाही, शास्त्रोक्त मुद्रा नाही. गुडघे किंचित वाकलेले, पावले जागच्या जागी, खांदे हलके उडताहेत, हात कोपरापासून झुलताहेत आणि चेहऱ्यावर असे भाव, की जणू आपण नाचतो आहोत हे त्याला आत्ताच कळले! हा नाच कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. लग्नाच्या वरातीत, पोळ्याच्या दिवशी, गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला नाचता येत नाही तो माणूस जसा नाचतो, तसाच तो आहे. पण त्यात ताल एका मात्रेनेही चुकत नाही, आणि खरी कला ती हीच. मूकपटात अंगानेच बोलायला शिकलेला माणूस बोलपटातही अंगानेच बोलत राहिला. पुढे अमिताभ बच्चन यांच्यासारख्या उंचापुऱ्या नटाने हीच पावले उचलली आणि सारा देश तसा नाचला. परंतु तो नाच कोणाचा, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

यापुढची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, आणि मला राग आहे तो नेमका तिचाच. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी, असे भगवानदादांचे वैभव सांगतात. 'झमेला' १९५३ साली आला. 'अलबेला'ची सर त्याला आली नाही. किशोरकुमारना घेऊन काढायला घेतलेला 'हँसते रहना' अर्धवट राहिला आणि त्यात पैसा बुडाला. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. दादरच्या चाळीत दोन खोल्यांत संसार आला. पडेल ती छोटी भूमिका करावी लागली; एखाद्या गाण्यात ती चार पावले टाकायची आणि निघून जायचे. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. ही कथा सांगून झाली की सांगणारा सुस्कारा सोडतो आणि तात्पर्य काढतो, "बघा, पैसा टिकविता आला पाहिजे. चैन केली की असे होते."

हे तात्पर्य मला मान्य नाही. मोटारींचा आकडा सगळ्यांच्या तोंडपाठ असतो. पण स्वतःचे घरदार पणाला लावून चित्रपट काढणारा तो निर्माता होता, हे कोणी सांगत नाही. शेतकऱ्याचे पीक बुडाले की "लग्नात खर्च केला म्हणून कर्ज झाले" असे सांगणारी माणसे आपल्या जिल्ह्याने खूप पाहिली आहेत. कापसाचा भाव, बियाण्याचा खर्च, पावसाचा खंड, हे काही ते मोजत नाहीत. गरिबाघरून वर आलेला माणूस पडला, की त्याची चूक शोधली जाते. श्रीमंताघरचा पडला, की त्याचे दुर्दैव. चित्रपटाचा धंदाही कोरडवाहू शेतीसारखाच आहे. एक हंगाम पिकला म्हणून दुसरा पिकेल याची खात्री नाही.

अमेरिकेकडे पाहा. चॅप्लिनच्या तोडीचा समजला जाणारा बस्टर कीटन मूकपटांचा बादशहा होता. चेहऱ्यावरची रेषाही हलू न देता तो हसवायचा. १९२६ सालचा त्याचा 'द जनरल' आज जगातील उत्तम चित्रपटांत मोजतात. त्या वेळी तो पुरेसा चालला नाही. १९२८ साली तो एका बड्या कंपनीत नोकरदार म्हणून शिरला आणि आपल्या चित्रपटांवरचा ताबा गमावून बसला. दारूने घेरले, १९३३ साली नोकरी गेली. पुढे त्याच कंपनीत तो दुसऱ्यांसाठी विनोद सुचविण्याचे काम करू लागला. दुसरा हॅरल्ड लॉइड. १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट'मध्ये इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा. नकली म्हणून हातात दिलेल्या बॉम्बच्या स्फोटात १९१९ सालीच त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती, आणि तरीही तो लोंबकळला. त्याने आपल्या चित्रपटांची मालकी स्वतःकडे ठेवली आणि तो अखेरपर्यंत श्रीमंत राहिला. म्हणजे एकाने दुसऱ्याची चाकरी पत्करली आणि बुडाला, दुसरा स्वतः मालक झाला आणि तरला. आणि आपले भगवानदादा स्वतः मालक होते तरी बुडाले. मग तात्पर्य कोणते काढायचे? तात्पर्य एवढेच, की हसविणाऱ्याचे पोट लोकांच्या हसण्यावर अवलंबून असते आणि लोक उद्या कशाला हसतील हे कोणालाच सांगता येत नाही.

फरक आहे तो पुढे. कीटनचे चित्रपट लोकांनी शोधून काढले, जपले. १९६० साली त्याला मानाचे ऑस्कर दिले. म्हातारपणी का होईना, आपले काम पुन्हा पाहिले जात आहे हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. आपण काय केले? आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट तयार झाले. त्यांतले उरले आहेत ते मोजके, आणि त्यांतलेही कित्येक तुकड्यातुकड्यांनी. ती फीत भराभर पेटणारी होती. शिवाय तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही लोकांनी ती विकली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली; तोवर बहुतेक नाहीसे झाले होते. भगवानदादांचे जुने मारधाडपटही गोदामाच्या आगीत गेले असे सांगतात. बंगला गेल्याची हळहळ आपण पन्नास वेळा करतो. मला वाटते, खरे दारिद्र्य ते नव्हे. माणसाने उभ्या तारुण्यात केलेले काम पाहायलाच मिळू नये, हे खरे दारिद्र्य. आणि ते त्यांचे नाही, आपले आहे.

अर्थात २०१६ साली 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाई यांनी भगवानदादा उभे केले, हे चांगलेच झाले. आणि एक गोष्ट सांगतात ती मला बंगल्याहून मोठी वाटते. गणपतीची मिरवणूक दादरला त्यांच्या चाळीसमोर आली की थांबायची, बँडवाले 'अलबेला'ची चाल धरायचे आणि म्हातारे भगवानदादा खाली येऊन ती पावले टाकायचे. ज्या लोकांच्या नाचातून त्यांनी तो नाच उचलला होता, त्या लोकांना तो त्यांनी परत केला.

आता पुन्हा माझ्या तांब्याकडे येतो. हसविणारा कोण आणि ज्याला हसले जाते तो कोण, हा माझा प्रश्न होता. मला सापडलेले उत्तर असे. चॅप्लिनच्या भटक्याला नाव नाही, आमच्या एकांकिकेतल्या गड्यालाही नव्हते. संहितेत नुसते 'गडी' एवढेच होते. पण भटक्याची गोष्ट त्याची स्वतःची आहे. त्याला भूक लागते, त्याचे कोणावर प्रेम बसते, तो चिडतो, हरतो. प्यारेलाल हसवतो, पण त्याला घर आहे, बहीण आहे, अपमान आहे. आमचा गडी पाणी आणतो, लोक हसतात, तो आत जातो. आत गेल्यावर तो काय करतो हे लेखकाला ठाऊक नाही, दिग्दर्शकाला ठाऊक नाही, आणि प्रेक्षकांना त्याची गरज नाही. ज्याला गोष्ट दिली जाते तो हसवतो. ज्याला नुसती बोली दिली जाते त्याला हसले जाते. रेषा ही आहे.

काही मित्र म्हणतील, "अरे, विनोदच आहे तो. एवढे मनाला काय लावून घ्यायचे?" त्यांना माझे म्हणणे एवढेच, की मग एकदा उलटे करून पाहू. नायक वऱ्हाडीत बोलेल, रडेल, प्रेम करेल, न्याय मागेल. आणि गडी शुद्ध पुणेरी बोलेल. पाहू कोण कोणाला हसते ते! गुरुजनांपैकी कोणी म्हणतील, "प्रमाण भाषा शिकायला नको काय?" जरूर शिकायला हवी. ती शिकण्यासाठीच तर आईबापांनी कॉलेजात पाठविले. हा लेखही मी तिच्यातच लिहिला आहे. सगळे 'ण' जागच्या जागी आहेत की नाहीत हे तीन वेळा तपासले आहे. पण प्रमाण भाषा शिकणे वेगळे आणि घरची भाषा हास्यास्पद आहे असे शिकणे वेगळे. पहिले शिक्षण आहे. दुसऱ्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. त्यांना खर्च फारसा येणार नाही. पहिली, कला मंडळाने वर्षातून एकदा सभागृहात पडदा लावून 'अलबेला' दाखवावा. आणि दाखविण्यापूर्वी कोणीतरी उठून सांगावे, की हा माणूस अमरावतीत, म्हणजे आपल्या बसस्टँडवरून अडीच-तीन तासांच्या वाटेवर जन्मला होता. दुसरी, पुढच्या स्नेहसंमेलनात एक एकांकिका अशी घ्यावी की जिच्यातला नायक 'मले' आणि 'तुले' म्हणतो, आणि लोक हसतात ते तो हसवील तेव्हाच. अशी एकांकिका कोठे मिळेल, असे कोणी विचारील. मी लिहायला घेतली आहे. पहिला अंक झाला. तो बाबांना वाचून दाखविला. दोन ठिकाणी ते हसले, आणि एका ठिकाणी चूप बसले. मला ते तिसरे ठिकाण हवे होते.